पाठीवरची ऊब

मूल सांभाळण्याच्या पद्धती जितके देश तितक्या. कुणी कडेवर घेते, कुणी जुन्या लुगड्याच्या धडप्याने पाठीशी बांधते, कुणी झोळी झाडाला टांगते आणि बाजूच्या शेतात राबते. या सर्व पद्धतींत आईचा कपडा वेगळा आणि मुलाची सोय वेगळी असते. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ मुलखात राहणाऱ्या इनुइट स्त्रियांनी मात्र दोन्ही गोष्टी एक केल्या. त्यांनी आईच्या अंगरख्यातच मुलासाठी जागा बेतली. त्या अंगरख्याला म्हणतात अमाउती.

कॅनडात ओटावा शहरी राहणाऱ्या आमच्या भाचीमुळे या कपड्याशी आमचा परिचय झाला. तिचे पहिले बाळंतपण ऐन जानेवारीत झाले. इथून कुणाला जाता आले नाही. फोनवर ती एकच तक्रार करायची, "खालाजान, दाराबाहेर पाय टाकायचा तर बाळाला आधी अर्धा तास कपडे चढवायचे, आणि कपडे चढवून होतात तोवर ते रडून बेजार." एकदा बाळाच्या लसीसाठी ती दवाखान्यात गेली, तेव्हा शेजारच्या खुर्चीजवळ एक इनुइट बाई उभी होती. तिच्या मानेमागच्या रुंद टोपीतून एक इवलेसे डोके बाहेर डोकावत होते. बाई निवांतपणे कागद भरत होती. तिचे दोन्ही हात मोकळे होते. भाचीने त्या दिवशी आम्हाला जे वर्णन सांगितले, त्यानंतर आम्ही मिळेल ते वाचत गेलो.

आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांत या लोकांना 'एस्किमो' म्हटलेले असे. ते स्वतःला इनुइट म्हणतात. त्यांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ 'माणसे' असा आहे. अलास्का, कॅनडाचा उत्तर भाग आणि ग्रीनलँड अशा विस्तीर्ण प्रदेशात त्यांची वस्ती आहे. १ एप्रिल १९९९ रोजी कॅनडात नुनावुत हा स्वतंत्र प्रदेश (टेरिटरी) झाला. नुनावुत म्हणजे 'आमची भूमी'. अमाउती हा मुख्यतः याच पूर्वेकडच्या मुलखातला, म्हणजे नुनावुत, उत्तर क्वेबेक आणि लॅब्राडोरमधला पोशाख. हिवाळ्यात तिथे पारा उणे तीस अंशांखाली सहज जातो. उघड्या राहिलेल्या नाकाला किंवा बोटाला काही मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. अशा हवेत तान्हे मूल घेऊन स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या, शिकारी तळ हलवत आल्या.

अमाउतीची रचना समजून घेण्यासारखी आहे. अंगरख्याच्या पाठीवर, टोपीच्या लगेच खाली, एक ऐसपैस पिशवी असते. तिला अमाउत म्हणतात. मूल पाठीवर वाहणे या अर्थाच्या शब्दापासून हे नाव आले आहे. पिशवी बाहेरून लावलेली नसते, अंगरख्याच्या पाठीचा घेरच तसा बेतलेला असतो. त्यामुळे बाळ थेट आईच्या पाठीला लागून बसते. पूर्वी ते आत उघड्या अंगानेच असे. आईच्या शरीराची उष्णता हेच त्याचे पांघरूण. वरची टोपी इतकी मोठी की दोघांची डोकी तिच्याखाली मावतात. आपल्याकडे बाळाला कुंची घालतात, पण ही कुंची आई आणि बाळ यांनी मिळून घातलेली असते.

आम्ही सातवीच्या वर्गात याचे चित्र फळ्यावर काढले तेव्हा मुलांचे प्रश्न अगदी कामाचे होते. एका मुलीने विचारले, "आई चालताना बाळ खाली घसरत नाही का?" नाही, कारण पिशवीच्या खाली, कमरेभोवती एक पट्टा बांधलेला असतो. बाळाचे वजन त्या पट्ट्यावर पेलले जाते. मागच्या बाकावरून हशा पिकला आणि प्रश्न आला, "बाळाने शू केली तर?" हा प्रश्न त्या आयांनाही पडलाच असणार. बाळ अंगालाच लागलेले असल्याने त्याची चुळबुळ आईला लगेच कळते. अंगरख्याचे खांदे मुद्दाम रुंद ठेवलेले असतात. पट्टा सैल करून, बाही न काढता, आई बाळाला आतल्या आत पाठीकडून पुढे घेऊ शकते. तिथेच दूध पाजता येते. बाळाला वारा लागत नाही आणि आईलाही अंग उघडे टाकावे लागत नाही. दूध पाजण्याची ही सोय वर्गात सांगताना मुली जरा लाजल्या, पण घरी जाऊन त्यांनी ती आपापल्या अम्मींना सांगितली, हे पालकसभेत कळले.

अंगरख्याला मागे लांब पदरासारखा भाग असतो, पुढेही एक छोटा पदर लोंबतो. बर्फावर बसताना मागचा पदर बुडाखाली घेता येतो. या पदरांची लांबी, त्यांची गोलाई, टोपीचा आकार यांत प्रदेशाप्रदेशाने फरक पडतो. जाणकार स्त्री नुसत्या बेतावरून सांगते की हा अंगरखा कुठल्या भागातला. पुढे देवमासे पकडणारी जहाजे आली, त्यांच्याबरोबर काचेचे रंगीत मणी आले, आणि काही अमाउतींची छाती मण्यांच्या नक्षीने भरून गेली. लहान मुलींसाठीही छोटी पिशवी असलेले अंगरखे शिवत. त्यात त्या बाहुली घालून हिंडत. खेळातूनच पुढच्या आयुष्याची तयारी होई.

आता कापडाविषयी. जुनी अमाउती करिबू या हरणाच्या किंवा सीलच्या कातड्याची. करिबूचा केस आतून पोकळ असतो. त्यात हवा साठते आणि ती थंडी अडवते. उन्हाळा संपता संपता मिळालेले कातडे कपड्यांसाठी उत्तम. कडक हिवाळ्यात दोन अंगरखे एकावर एक घालत. आतल्याची लव अंगाकडे, बाहेरच्याची लव वाऱ्याकडे. कातडे खरवडून, मळून, मऊ करायचे काम स्त्रियांचे. त्यासाठी त्या अर्धचंद्राकृती पात्याचा सुरा वापरतात, त्याचे नाव उलू. दोरा म्हणजे त्याच हरणाच्या पाठीतल्या कंडरांचे तंतू. ओले झाले की हे तंतू फुगतात आणि टाक्याचे भोक बुजते. शिवण सैल राहिली तर वारा आत शिरणार. तिथे शिवणकामातली हयगय म्हणजे जिवाशी गाठ. शिकारी कितीही धाडसी असो, त्याचा जीव घरातल्या सुईवर अवलंबून होता.

हे वाचताना आम्हाला सूरह नह्‌ल आठवली. जनावरांमध्ये माणसासाठी ऊब ठेवली आहे, त्यांच्या कातड्यांपासून आणि केसांपासून निवारा व वस्तू मिळतात, या देणग्यांकडे अल्लाह त्या सूरहमध्ये लक्ष वेधतो. वाळवंटात उतरलेल्या या वाणीचा एक अर्थ बर्फाच्या मुलखातही वाचता येतो, हे आम्हाला फार विलक्षण वाटले. देणगी सर्वांना दिलेली आहे. तिचा अंगरखा करायचा तर त्याला माणसाची अक्कल आणि मेहनत लागते, आणि इथे ती अक्कल स्त्रियांची आहे.

मूल साधारण दोन वर्षांचे होईपर्यंत अमाउतीत राहते. दोन वर्षे हा आकडा वाचून आम्ही थबकलो. सूरह बकरहमध्ये दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षे सांगितली आहे. सूरह लुकमानमध्येही आईच्या कष्टांची आठवण देताना दोन वर्षांत दूध सुटण्याचा उल्लेख येतो. इनुइट स्त्रियांपर्यंत ही वाणी पोहोचलेली नव्हती. त्यांनी मुलाच्या वाढीकडे पाहूनच ही मुदत ओळखली असणार. जे निसर्गात लिहिले आहे आणि जे ग्रंथात उतरले आहे, त्यांचा कर्ता एकच आहे, असा आमचा विश्वास आहे.

बी.एड.च्या अभ्यासात आम्ही बालमानसशास्त्र शिकलो. पहिल्या दोन वर्षांत मूल स्पर्शातून विश्वास शिकते आणि कानावर पडणाऱ्या बोलण्यातून भाषा, हे तेव्हा परीक्षेपुरते पाठ केले होते. अमाउतीतले मूल या दोन्ही गोष्टी एकाच जागी मिळवते. ते छताकडे पाहत एकटे पडून नसते. ते मोठ्या माणसांच्या डोळ्यांच्या उंचीवरून जग पाहते. आई मासे साफ करते, शेजारणीशी बोलते, कुत्र्यांना हाकारते, हसते, आणि हे सगळे मूल तिच्या खांद्यावरून पाहत-ऐकत असते. थकले की तिथेच झोपते. तिथे 'आधी काम की आधी मूल' असा वाद कपड्यानेच मिटवून टाकला आहे.

आणि ते ओझे एकट्या आईचेही नसे. आजी, मावशी, मोठी बहीण, ज्या स्त्रीच्या अंगात अमाउती असे, तिच्या पाठीवर मूल जाऊ शके. म्हणून या कपड्याकडे आम्ही फक्त आईच्या मायेची खूण म्हणून पाहत नाही. मूल ही घराची, वस्तीची जबाबदारी आहे, याची ती खूण आहे.

सूरह बकरहच्या ज्या आयतीत दोन वर्षांची मुदत आहे, त्याच आयतीत आणखी एक गोष्ट आहे. ती आपल्या घरांत कमी वेळा सांगितली जाते. दूध पाजणाऱ्या आईचे अन्न आणि वस्त्र ही बापाची जबाबदारी ठरवली आहे, आणि मुलामुळे आईला त्रास होऊ नये असेही बजावले आहे. अन्न आणि वस्त्र हे शब्द आपण किती तोकडे करून टाकतो. ईदला एक जोड घेतला की झाले! आईला काम करता यावे, बाहेर पडता यावे, मूल जवळ राहावे, अशी सोय करणे हेही त्या वस्त्रातच येते, असे अमाउतीकडे पाहून आम्हाला वाटू लागले.

आमच्या ओळखीची एक तरुण शिक्षिका होती. उर्दू माध्यमाच्या एका शाळेत तात्पुरती नेमणूक होती. अतिशय मनापासून शिकवायची. बाळ झाल्यावर तिने फक्त एवढेच विचारले होते की मधल्या सुट्टीत सासूबाईंनी बाळाला आणले तर दूध पाजायला एखादा कोपरा मिळेल का. शाळेने नाही म्हटले. घरच्यांनी म्हटले, मग कशाला हवी नोकरी? दोन्हीकडून दारे बंद झाली आणि तिने राजीनामा दिला. कुणीही तिच्याशी दुष्टपणा केला नव्हता. तिच्यासाठी जागा बेतावी हे कुणाच्या ध्यानीमनीच आले नव्हते. बर्फात राहणाऱ्या, निरक्षर म्हणून हिणवल्या गेलेल्या बायांना जे सुचले, ते आपल्या शिकल्यासवरल्या मंडळींना सुचू नये?

या बाबतीत आपल्यासमोरचा आदर्श तर स्पष्ट आहे. प्रेषित मुहम्मद (स.) आपली नात उमामा (रजि.) हिला खांद्यावर घेऊन नमाज पढवत. सजद्याला जाताना तिला खाली ठेवत, उभे राहताना पुन्हा उचलून घेत. मागे एखादे मूल रडताना ऐकू आले तर त्याच्या आईची घालमेल होऊ नये म्हणून ते नमाज आटोपती घेत. या गोष्टी बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहेत. नमाजसारख्या इबादतीत मुलाला आणि त्याच्या आईला जागा होती. मग आपल्या शाळेत, कार्यालयात, लग्नाच्या मंडपात, बयानाच्या जलशात ती का नसावी?

अमाउतीची कहाणी मात्र केवळ उबेची नाही. ज्या समाजाने आई आणि मूल एका अंगरख्यात ठेवले, त्याच समाजातली मुले पुढे सरकारी धोरणाने आयांपासून तोडली गेली. १९५० च्या दशकापासून असंख्य इनुइट मुलांना दूरच्या निवासी शाळांत नेण्यात आले. तिथे त्यांच्या भाषेला मज्जाव होता. ज्या वयात मुलगी आईशेजारी बसून कातडे मऊ करायला, टाका घालायला शिकायची, त्या वयात ती परक्या भाषेत पाढे घोकत होती. या निवासी शाळांबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी ११ जून २००८ रोजी संसदेत जाहीर माफी मागितली. आम्ही शाळेत शिकवणारी माणसे. शाळा हेच ज्ञान तोडण्याचे हत्यार होऊ शकते, हे वाचून आम्हाला सुन्न झाले.

बाळंतपणाचेही तसेच झाले. सुरक्षिततेच्या नावाखाली गरोदर स्त्रियांना कित्येक आठवडे आधी विमानाने दक्षिणेकडच्या शहरांतल्या इस्पितळांत पाठवू लागले. भाषा अनोळखी, नवरा आणि बाकीची मुले घरी. माहेरचे माणूस जवळ नसताना बाळंत होणे म्हणजे काय, हे आमच्या भाचीला विचारावे. ती तर स्वखुशीने परदेशी गेलेली. या बायांना मात्र आपल्याच देशात परके होऊन बाळंत व्हावे लागले. शेवटी उत्तर क्वेबेकमधल्या पुविर्नितुक गावच्या स्त्रियांनी आग्रह धरला आणि १९८६ मध्ये तिथे प्रसूतिगृह सुरू झाले. गावातल्याच इनुइट स्त्रिया तिथे सुईणीचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेऊ लागल्या. बाळे पुन्हा आपल्या मातीत जन्मू लागली.

कपड्यासाठीही त्यांना झगडावे लागले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या एका फॅशन कंपनीची प्रतिनिधी उत्तरेत जुने पारंपरिक कपडे विकत घेत हिंडू लागली. स्त्रियांना धोका कळला. उद्या हाच बेत कुणी आपल्या नावाने बाजारात आणला, तर? इनुइट स्त्रियांची पाउक्तूतित नावाची संघटना १९८४ पासून काम करत होती. या नावाचा अर्थ कातडे किंवा तंबू ताणून धरणाऱ्या खुंट्या. किती चपखल नाव! या संघटनेने मे २००१ मध्ये रँकिन इनलेट गावी खास अमाउतीच्या प्रश्नावर बैठक भरवली. अडचण अशी की कायदा हक्क देतो तो एका माणसाला किंवा एका कंपनीला, ठरावीक वर्षांसाठी. अमाउती कोणा एकीने शोधलेली नाही. ती आजीने आईला आणि आईने लेकीला दिलेली आहे. स्त्रियांनी ठामपणे मांडले की हे ज्ञान सर्व इनुइट स्त्रियांचे सामाईक आहे. मालकीण कुणी एक नाही, राखणदार सगळ्या आहेत.

आपल्याकडे ज्याला अमानत म्हणतात, त्याचाच हा विचार आहे. आपल्या जवळ असलेली वस्तू आपली असते असे नाही. ती पुढे सुखरूप पोहोचवायची असते.

आज अमाउती म्युझियममध्ये जाऊन बसलेली नाही. कातड्याऐवजी आता जाड लोकरी कापड आणि वरून वारा अडवणारे कापड वापरतात. चेन, रंगीत पट्ट्या, फितीही आल्या. पण पाठीवरची पिशवी, मोठी टोपी, रुंद खांदे हे तसेच आहेत. नुनावुतची राजधानी इकालुइट इथल्या रस्त्यावर, दुकानात, दवाखान्यात बायका अमाउती घालून वावरतात. त्याच इकालुइट शहरात २०१६ मध्ये मशीद उघडली. नोकरी-व्यवसायासाठी जगभरातून गेलेले मुसलमान तिथे जमातने नमाज पढतात. त्याआधी २०१० मध्ये दूर पश्चिमेकडच्या इनुविक गावासाठी तर एक आख्खी मशीद विनिपेग शहरात बांधून, सुमारे चार हजार किलोमीटर ट्रक आणि तराफ्यावरून नेण्यात आली होती. ज्या मुलखात आपले भाऊबंद नमाज पढतात, तिथल्या आयांविषयी आपल्याला काही माहीत असावे, हाही शेजारधर्मच.

आपण अमाउती शिवावी असे आमचे म्हणणे नाही. आपल्या उकाड्यात त्याचे काही काम नाही. आपल्याकडे झोळी आहे, गोधडी आहे, नानी-दादीची मांडी आहे. प्रश्न वेगळा आहे. घरात सून बाळंत झाली की तिच्यासाठी आपण काय बेततो? तिची नोकरी, तिचे शिक्षण, तिची झोप, तिची नमाज, यांच्यासाठी घराच्या दिनक्रमात किती जागा सोडतो? बाप मुलाला किती वेळ खांद्यावर घेतो? आणि आपल्या आयांच्या हातात जे होते, गोधडीचा टाका, बाळाला मालिश करण्याची रीत, अंगाईचे सूर, ते आपल्या मुलींपर्यंत पोहोचवायला आपण बसतो का, की मोबाइलवर सोपवून मोकळे होतो?

एखाद्या जुम्म्याला दुपारच्या जेवणानंतर घरातल्या सगळ्यांनी मिळून एवढेच विचारावे. सुनेला आधी बोलू द्यावे. बाकीच्यांनी ऐकावे, आणि ती जे सांगेल त्यातली एक तरी गोष्ट त्याच आठवड्यात करून दाखवावी. अल्लाह आपल्या घरांतल्या आयांवर आणि बाळांवर रहमतीची सावली ठेवो. आमीन.